खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

तीन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं, एवढाच माझा गुन्हा. तुर्भ्याला कारखान्यांच्या मधोमध आमचं ऑफिस होतं, इंजिनिअरिंग ड्रॉइंग्ज करून देणारं, आणि मी तिथे ड्राफ्टिंगला होते. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. कंपनीने युनिक्सचं वर्कस्टेशन घेतलं तेव्हा कुणीतरी शिकून यायला हवं होतं. बाकी सगळे कामात होते आणि मी नवीन होते, म्हणून मला धाडलं. परत आले ती ऑफिसची डॉक्टरीण होऊनच.

कुणाचा पडदा गोठला की हाक मला. कुणाचा पासवर्ड लागत नाही, हाक मला. जाऊन बघावं तर कॅप्स लॉक चालू आणि महाशय मशीनला शिव्या घालतायत. प्रिंट निघाली नाही की एकच ड्रॉइंग नऊ वेळा पाठवायचे, मग रांगेत अडकलेल्या नऊही प्रती एकदम बाहेर यायच्या आणि कागद संपला म्हणून परत मलाच हाक. डिस्क तर कायमची भरलेली. प्रत्येक इंजिनिअर आपल्या ड्रॉइंगच्या सात-सात जुन्या प्रती साठवून ठेवायचा, पुसू म्हटलं की यांचा जीव जायचा. मी वैतागून विचारायचे, "घरी तरी रद्दी देता का हो कधी?" हसायचे आणि पुन्हा तेच करायचे.

मशीन काचेच्या खोलीत, एसीत ठेवलेलं. चार टेबलांवर नुसते पडदे आणि कीबोर्ड, चौघांचंही काम त्या एकाच मशीनवर चालायचं. त्याची एक सवय ट्रेनिंगमध्ये आम्हाला घोकून घोकून सांगितली होती. ते सगळं लगेच डिस्कवर लिहीत नाही. थोडं डोक्यात ठेवतं, सवडीने लिहितं. म्हणून साध्या पीसीसारखं बटण दाबून बंद करायचं नाही. आधी सगळ्यांना बाहेर काढायचं, मग हुकूम टाइप करायचा, मग ते स्वतः "आता चालेल" म्हणेपर्यंत थांबायचं. रोज संध्याकाळी मी हे करायचे आणि रोज संध्याकाळी काका झाडू बाजूला ठेवून बघत उभे राहायचे.

काका म्हणजे आमचे शिपाई. पन्नाशीचा माणूस, खाडीकाठच्या गावातला, कोपरखैरण्यात मी राहायचे तिथून चालत दहा मिनिटांवर. त्यांचं भाताचं शेत नव्या शहरात गेलं, आणि आमच्याकडे ते चार वर्षं टेंपररी म्हणून राबत होते. बायकोला दमा. पर्मनंट झालं की कंपनीकडून तिचं औषधपाणी होणार होतं. त्यांच्या पर्मनंटचं पत्र मीच टाइप केलं होतं, म्हणून मला ठाऊक होतं. साहेबांच्या टेबलावर ते सहीला पडलं होतं आणि साहेब म्हणाले होते, दसऱ्यानंतर करू. काकांना मी गुपचूप सांगूनही टाकलं. त्या दिवशी मला दोनदा चहा आला.

खंडेनवमीला दुपारी ऑफिसात पूजा असायची. ड्रॉइंग बोर्ड, पट्ट्या, कंपास, पीसी, सगळं पुसून मांडायचं, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. पूजेला बसवलेली वस्तू त्या दिवशी चालवायची नाही, हा काकांचा कडक नियम. पण त्या वर्षी द्रोणागिरीच्या एका मोठ्या गोदामाच्या पायाची ड्रॉइंग्ज, कागद आणि फायली दोन्ही, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी द्यायची होती. शेवटचं ड्रॉइंग प्लॉटरवर, म्हणजे मोठ्या कागदावर रेषा काढणाऱ्या यंत्रावर, निघत होतं, आणि डिस्क भरली म्हणून मी सगळा सेट एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायचा हुकूम देऊन ठेवला होता. तो मागे चालूच होता. काका ताट घेऊन काचेच्या खोलीच्या दारात उभे.

आणि मला वाशीला टेलरकडे ब्लाउज आणायला जायचं होतं. टेलर पाचला बंद करणार होता. हे लिहिताना आजही मला माझी लाज वाटते, पण कारण एवढंच होतं. ब्लाउज.

मी पर्स खांद्याला लावली आणि म्हटलं, "काका, प्लॉटर थांबला की हे लाल बटण दाबा आणि खुशाल पूजेला बसवा."

काकांनी विचारलं, "रोज तुमी टाइप करता, ता नाय कराचा, बाय?"

त्यांनी विचारलं होतं हो. स्वच्छ विचारलं होतं. मी चप्पल घालता घालता म्हणाले, "एक दिवस नाही केलं तर काही होत नाही."

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी मशीन चालू केलं. पडद्याला झेंडूची माळ तशीच होती. नेहमीचं चित्र यायच्या ऐवजी पांढरी अक्षरं आली आणि मध्येच थांबली. डिस्कमध्ये गोंधळ आहे, मला स्वतःला निस्तरता येत नाही, तुम्ही हाताने दुरुस्त करा, असा त्याचा मतलब. क्लायंटचा माणूस चार वाजता सेट न्यायला येणार होता.

साहेब तोवर मागे येऊन उभे राहिले होते. "काय झालं?"

"बरोबर बंद झालेलं नाहीये," मी म्हटलं. हे खरंच होतं. पण कुणामुळे ते मी म्हटलं नाही.

"कोणी बंद केलं?"

काका पाण्याचे ग्लास घेऊन आत येत होते. "मीच बंद केला, साहेब. पूजेला बसवाचा होता."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी सांगितलं होतं हे त्यांनी सांगावं म्हणून मी वाट बघत राहिले, म्हणजे मग मला "हो" म्हणता आलं असतं. ते बोलले नाहीत. मीही मूग गिळून बसले. साहेबांचा चेहरा लाल झाला, ते म्हणाले, "काम हातचं गेलं तर याचं पत्र मी फाडून टाकणार," आणि केबिनमध्ये गेले. "याचं" म्हणाले, काका तिथे उभे असताना.

मग मी मनाशी ठरवलं की सगळी ड्रॉइंग्ज परत आणायची. सगळी आली की नुकसान नाही, नुकसान नाही तर दोष नाही, पत्रावर सही होईल आणि मला तोंड उघडायची वेळच येणार नाही. शेपूट घालणाऱ्या माणसाला हिशोब किती पटकन सुचतो बघा.

दुरुस्तीचा हुकूम दिला. मशीन एकेक प्रश्न विचारायला लागलं. हा तुकडा कुणाचा ते कळत नाही, काढून टाकू? हा सुटा पडलाय, जोडू? प्रत्येकाला हो किंवा नाही. चुकीचं हो दाबलं तर ड्रॉइंग कायमचं जाणार, आणि बरोबर कुठलं ते मला काय कपाळ कळणार होतं. सर्व्हिसवाल्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "उद्याशिवाय जमणार नाही मॅडम, तुम्ही सगळ्याला हो म्हणा." त्याचं काय जातंय. बॅकअपच्या टेपवर शेवटची प्रत तीन आठवड्यांपूर्वीची होती, तीही माझीच मेहेरबानी, टेपला तास लागतो म्हणून मी टाळत आले होते. मी हो, हो, हो दाबत सुटले. बोटाला कुंकू लागत होतं, पूजेचं कुंकू कीबोर्डच्या फटींत भरलेलं. दीड तास फक्त हो. एसीत बसून मला घाम फुटला होता. मध्ये एकदा रडू आलं ते मी एसीच्या आवाजात रडून घेतलं.

साडेअकराला मशीन चालू झालं. ड्रॉइंग्जच्या जागी बघितलं तर काही नव्हतं. जुन्या जागेवरून निघालेली, नव्या जागी पोचलेली नाहीत. मग आठवलं, दुरुस्तीत जे जे बेवारस सापडतं ते मशीन एका वेगळ्या कप्प्यात नेऊन टाकतं. तो उघडला. सव्वादोनशे फायली, आणि एकीलाही नाव नाही. नुसते आकडे. पाया कुठला, बीम कुठला, कुणी तीन वर्षांपूर्वी केलेल्या जिन्याची सातवी प्रत कुठली, काही कळायला मार्ग नाही. मी डोकं धरून बसले.

"बाय, चा," काका दारात. आत आले नाहीत. त्या दिवशी ते त्या खोलीत पाऊल टाकायलाच तयार नव्हते. कप दाराशी स्टुलावर ठेवून गेले. मला तो कप उचलवेना.

प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात चौकट असते, तिच्यात ड्रॉइंगचा नंबर लिहिलेला असतो. फाइलमधून फक्त वाचता येणारी अक्षरं वेगळी काढणारा एक हुकूम ट्रेनिंगमध्ये शिकवला होता, तेव्हा मी जांभया देत होते. तो चालवला. गिचमिडीतून एकेक नंबर वर यायला लागला. बारा सापडली. एकोणीस. चौतीस. इंजिनिअर मंडळी आता काचेला नाक लावून उभी, सात-सात प्रती साठवणारी हीच मंडळी. त्यातल्या एकाने विचारलं, "माझं आलं का?" मी असं बघितलं त्याच्याकडे की तो जेवायला निघून गेला.

दोनपर्यंत एक सोडून सगळी सापडली. एक नाहीच. शेवटचंच, प्लॉटरवर निघत होतं ते, पायाचा मुख्य आराखडा. फाइल होती, पण अर्धी, पुढे नुसता कचरा. तेवढ्यात आठवलं की ते कागदावर तरी निघालं होतं. प्लॉटरपाशी कागद नव्हता. मी काकांना हाक मारली.

त्यांनी तो कागद प्लॉटर पूर्ण थांबेपर्यंत उभं राहून काढला होता, सुरकुती न पाडता गुंडाळला होता आणि बाकीच्या ड्रॉइंग्जबरोबर पूजेत ठेवला होता. कपाटातून काढून दिला. कडेला हळदीचं बोट लागलं होतं, बाकी एकूण एक माप वाचता येत होतं. त्यावरून बघून मी आणि ड्राफ्टिंगच्याच दुसऱ्या एका मुलीने मिळून तो आराखडा दीड तासात पुन्हा काढला. क्लायंटचा माणूस वीस मिनिटं उशिरा आला, देवच पावला म्हणायचा. सेट गेला.

साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. काका मागे उभे राहून तेही टाळ्या वाजवत होते.

मला वाटलं, झालं, सुटले. संध्याकाळी पत्राबद्दल विचारायला म्हणून केबिनमध्ये गेले, तर पत्र टेबलावर नव्हतं. साहेब म्हणाले, "त्याला महिनाअखेरपर्यंत ठेवतो. मशीनला हात लावणारा माणूस नको मला."

तेव्हा मी बोलले. सगळं बोलले. बटण मी सांगितलं, त्यांनी विचारलं तरी मी नाही म्हटलं, टेलरसकट सगळं. साहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मला सकाळीच कळलं होतं. तू सांगितल्याशिवाय तो कशाला हात लावील? पण कुणावर तरी ॲक्शन दाखवायला लागते, वर उत्तर द्यायचंय मला. शिपाई मला तुर्भे नाक्यावर उद्या मिळेल. हे मशीन चालवणारी कुठून आणू?"

मी म्हणायला हवं होतं, मग मीही जाते. नोकरी सोडायचं सोडा, मी साधं दारही आपटलं नाही. "बरं" म्हटलं आणि बाहेर आले.

काका खाली इमारतीच्या दाराशी बाकावर बसले होते. मी आत सांगायला गेले होते हे त्यांना चेहऱ्यावरून कळलं असावं, कारण ते उठून उभे राहिले आणि दिवसात पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "सांगलात? काय म्हनले साहेब?"

त्यांच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मला खरं बोलवेना. मी म्हटलं, "विचार करतो म्हणाले."

"मंग करतील," काका म्हणाले. "तुमी सांगलात म्हंजे करतील."

महिना संपला, ते गेले. पुढच्या सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि बाकावर बसून मला विचारलं, साहेबांचा विचार झाला का. मी म्हटलं, अजून नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही आले, तेव्हाही मी तेच म्हटलं. तिसऱ्या सोमवारी ते बाकावर बसलेले मला रस्त्यावरूनच दिसले, आणि मी इमारतीला वळसा घालून मागच्या जिन्याने वर गेले.