पाचवा थर

मेंदूचे पापुद्रे काढण्यात त्या प्रयोगशाळेत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मेणात बसवलेला तुकडा यंत्राला लावायचा, उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि पात्यावरून उतरणारी, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पट्टी डाव्या हातातल्या कुंचल्याने अलगद कोमट पाण्यावर सोडायची. एकतीस वर्षं हेच. विद्यार्थी त्याला ‘थरवाले काका’ म्हणत, कारण पट्टीला रंग चढवून काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली की त्याचं पुराण सुरू होई. “उंदराचा घ्या नाहीतर तुमचा, मेंदूचं वरचं साल सहा थरांचंच. तुमच्यात जास्त काय आहे, ते मला अजून सापडलेलं नाही.” पाचव्या थराशी मात्र तो रेंगाळे. तिथल्या मोठ्या त्रिकोणी पेशी त्याच्या भारी लाडक्या. हातपाय हलवायचा हुकूम त्याच खाली धाडतात.

गेल्या वर्षी पट्ट्या चुरगळायला लागल्या. पातं बोथट आहे, म्हणाला. नवं लावलं, तेही बोथट. मग मेण भेसळीचं, मग पुरवठादार चोर. आणि नवशिक्यांना ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ऐकवणारा हाच बाबा! बघणाऱ्यांना केव्हाच कळलं होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

अखेर शेजारच्या टेबलावरची सहकारीण उठली. पंधरा वर्षांपूर्वी त्यानेच तिला काम शिकवलं होतं.

“काका, सरका जरा.”

त्याच पात्यावर, त्याच मेणाची पट्टी तिने काढली. पाण्यावर ती सुरेख पसरली. त्याने स्वतःचा डावा हात चाचपून पाहिला. अंगठ्याखालचा उंचवटा पार सपाट झाला होता.

तपासण्या झाल्या. डॉक्टर आडवळणाने बोलत होते. त्याने मधेच तोडलं, “पाचवा थर ना? पेशी मरतायत.” या रोगाने गेलेल्यांचे मेंदू त्याने कितीदा कापले होते.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, “औषध असेल ना हो काहीतरी?”

“नाही. आधी हात, मग पाय, मग गिळणं.”

“आणि डोकं?”

“ते बहुतेक शाबूत राहील. सगळं कळत राहील मला.”

“मेलं तेच आधी गेलं असतं तर!” ती म्हणाली आणि भर रस्त्यात रडायला लागली. त्याला तिचा राग आला नाही. त्यालाही तेच वाटत होतं.

सहा महिन्यांत उजवा हातही गेला. कामाच्या शेवटच्या दिवशी बायकोने त्याच्या खिशातून कागद काढून सहकारिणीपुढे ठेवला. मरणानंतर मेंदू प्रयोगशाळेला द्यायचा, असं त्यात लिहिलं होतं. बायको महिनाभर नको नको म्हणत होती, पण सही करताना तिनेच त्याचा हात धरला होता.

“माझा आला की तूच काप,” तो म्हणाला.

“काहीतरीच काय बोलता, काका!”

“ऐक नीट. पाचवा थर ओसाड दिसेल. तुला वाटेल, रंग चढला नाही, आणि तू पुन्हा पुन्हा करत बसशील. बसू नकोस. तुझं काही चुकलेलं नसेल.”