डावीकडचं वजन

माझी डावी छाती कापली तेव्हा मी चाळिशीच्या आत होते. आता ऐंशीला आले. एवढी वर्षं एकीवर काढली, त्याचं मला काय वाटत नाय. पण पहिले तीन-चार महिने वाईट गेले. दुखण्याचं मी धरत नाय, दुखणं सगळ्यांनाच असतं. माझा धंदा बसायला आला होता, नि तो कशापायी, तर ब्लाऊजच्या आत घालायच्या एका गोळ्यापायी.

आमची खोली घाटकोपरला डोंगरावर. आमच्या ह्यांची मिल बंद पडली, नि बरेच दिवस घरी बसून मग ते एका बिल्डिंगला वॉचमन लागले. घर चालायचं ते माझ्या भाजीवर. बाजारगल्लीत फुटपाथवर माझी जागा होती, एक गोणपाट पसरेल एवढी. पण तेवढ्या जागेवर माझं नाव होतं. हिच्याकडे माप खरं मिळतं, असं बायका एकमेकींना सांगायच्या.

ते नाव मी कसं कमावलं ते सांगते. हातातला तराजू असायचा. बाकीच्या बाया तो मांडीजवळ धरायच्या. पारडं कुठे गुडघ्याला लागतंय, कुठे बटाट्याच्या ढिगाला टेकतंय, कोण बघतंय. मी हात लांब करायचे नि गिऱ्हाइकाच्या नाकासमोर तराजू उचलायचे. दोन्ही पारडी मोकळी. काटा मधे आला, गिऱ्हाइकानं मान हलवली, की वर दोन मिरच्या टाकायचे. मला लिहिता-वाचता येत नाय, सही पण आत्ता नातवानं शिकवली. पण तराजू मला कळतो.

गाठ मला अंघोळीला लागली हाताला. दोन महिने मी कोणाला बोलले नाय. मग बाजूच्या कोळणीला सांगितलं. ती माझ्या शेजारी सुकट, बोंबील घेऊन बसायची, कांजूरच्या खाडीकडची. तिचा नवरा खाडीत जाळं टाकायचा. तिनं मला धरूनच इस्पितळात नेलं. डॉक्टर बोलले, ठेवली तर बाई जाईल, काढली तर बाई राहील. मी बोलले काढा. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? मला एकच धाकधूक होती, फुटपाथवरची जागा रिकामी राहिली की दुसरी कोण तरी बसते. कोळीण बोलली, मी आहे ना. मी इस्पितळात होते तेवढे दिवस तिनं आपली एक टोपली माझ्या जागेवर पसरून ठेवली. भाजीच्या जागेवर सुके बोंबील.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टरनं मला पडद्याआड बोलावलं. तिच्याकडे एक पिशवी होती. कोण तरी चांगल्या घरच्या बायांनी फोमचे गोळे कापून, शिवून आणून दिले होते, आमच्यासारख्यांसाठी. लहान, मधला, मोठा. सिस्टर बोलली की पैसेवाल्या बायका आता ऑपरेशन करून आतच पिशवी बसवून घेतात, नि तिथे डॉक्टर माप घेतात. इथे तुझं तूच बघ. नीट घालून बघ, मग घेऊन जा.

पडदा काय, अर्धा फाटका. दोन्ही बाजूला खाटा, खाटांवर पाहुणे. मला लाज वाटली. नि दुसरी एक गोष्ट. आमच्यात काय पण घ्यायचं तर एक माप मोठं घ्यायची सवय. पोरीचा फ्रॉक पुढच्या वर्षाला होईल असा. चप्पल अंगठ्यापुढे बोटभर मोकळी. ब्लाऊज शिवायला टाकला तरी शिंप्याला सांगायचं, आत कापड सोड. लहान घेऊन वाया घालवायचं म्हणजे मूर्खपणा. मी सिस्टरला बोलले, मोठा द्या.

ती बोलली, "अगं, तुझी दुसरी बघितलीस का? आजारपणात किती उतरलीस तू."

मी मान हलवली नि मोठा पिशवीत घातला. फुकटात मिळतंय तर लहान कोण घेतं?

महिन्याभरानं मी परत गल्लीत बसले. जुना ब्लाऊज, आत तो फोम, वरून पदर घट्ट. बसले तेव्हा बरं दिसत होतं. पहिलं गिऱ्हाईक आलं, मी कांदे भरायला वाकले, नि फोम वर सरकला. हलका ना तो. त्याला खाली धरायला काय नाय. सरळ झाले तर पार गळ्याच्या हाडाशी आलेला. पदराआडून दाबून खाली केला. परत वाकले, परत वर. तराजू उचलायला हात लांब केला की ब्लाऊज ताणायचा, नि फोम जागा सोडायचा. डाव्या हातात जोर नव्हता, काखेपर्यंत टाके आवळलेले. मग मी काय केलं? डाव्या हातानं छातीवर पदर दाबून धरला, नि उजव्या हातानं तराजू खालीच धरायला लागले. मांडीजवळ. बाकीच्या बाया धरतात तसा.

मला वाटलं, कोणाच्या ध्यानात येणार नाय.

वरच्या सोसायटीतली एक बाई माझ्याकडे रोज यायची, वर्षानुवर्षं. तोंडाची फटकळ, पण माझ्याशिवाय दुसरीकडे भाजी घेत नव्हती. ती पंधरा दिवस गप्प बघत होती. एक दिवस मी अर्धा किलो भेंडी जोखली, पारडं ढिगाला टेकलेलं होतं, ते मला पण कळलं. तिनं पिशवी पुढे केलीच नाय.

ती बोलली, "काय गं, तू पण दांडी मारायला लागलीस?"

आजूबाजूच्या दोघी-तिघींनी ऐकलं. मी तिला काय सांगणार होते? आजार झाला म्हणावं तर त्या काळात लोक त्या रोगाचं नाव घेत नव्हते, हात लागला तरी लागण होते असं मानायचे. मी दिलेली भाजी मग कोण खाणार? दांडी मारते हे ऐकून घेतलेलं बरं, असं त्या वेळी वाटलं. ती भेंडी टाकून पुढच्या बाईकडे गेली. तिच्या मागनं आणखी गेल्या. संध्याकाळी माझ्या टोपलीत पालेभाजी सुकून राहायला लागली. कधी राहत नव्हती.

कोळणीनं सगळं बघितलं होतं. बोलली, त्या फोमला वजन नाय, म्हणून तो नाचतो, आत जड काय तरी भर. मी बाजरी भरली. जुन्या लुगड्याच्या तुकड्याची पिशवी शिवली, माप घेतलं ते माझ्या चांगल्या दिवसांतल्या ब्लाऊजचं, नि गच्च भरली. ती काय वर सरकली नाय. पण ओझं असं झालं की दुपारपर्यंत डावा खांदा खाली यायचा नि मान भरून यायची. आणि एका बाजूला एवढा उभार, की पदर आपोआप तिकडून घसरायचा. तरी मी घालत होते. मोठं ते बरं, डोक्यात तेच.

सहाव्या दिवशी तिथे खाज सुटली. भाजीवाली दिवसभर पाणी मारते, मेथीवर, कोथिंबिरीवर. तेच पाणी ब्लाऊजवर उडतं, वर घाम. घरी जाऊन पिशवी उसवली. आत बाजरीला मोड आले होते. पांढरे, लांब, एकमेकांत अडकलेले.

हे दारात विडी ओढत बसले होते. त्यांनी वाकून बघितलं. मिल गेल्यापासून हा माणूस हसला नव्हता. बोलले, "आता शेत केलंस काय तिथे?"

नि हसायला लागले. मी पण हसले. टाक्यांवर हात धरून हसले, दुखत होतं तरी.

दुसऱ्या दिवशी कोळणीला मोडाचं सांगितलं. मला वाटलं ती पण हसेल. ती बोंबील निवडत होती, ते खाली ठेवले नि माझ्याकडे बघून बोलली, "गिऱ्हाइकाला तू काटा मधे आणून देतेस गो. नि स्वतःला अंदाजानं?"

 खरंच, उरलेली छाती केवढी आहे हे मी ऑपरेशन झाल्यापासून बघितलं नव्हतं. अंघोळ करताना मी मान वर करून, भिंतीकडे बघून पाणी घ्यायचे. शिंप्याकडचं जुनं माप ते माझं माप, असं धरून चालले होते.

रविवारी पोरीला शेजारी पाठवली. मोरीत परात ठेवली, परातीत पातेलं, पातेलं काठोकाठ भरलं. नि वाकून उजवी त्यात सोडली. थंडगार पाणी. जेवढं सांडलं तेवढं परातीत जमलं, म्हणजे उजवीएवढंच पाणी. मग खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. उजवी सुकलेली होती, लांबट, वर काय नाय, खाली तेवढा भार. वांगं असतं तसं. मी गोल पिशव्या शिवत बसले होते. आणि डावीकडे शिवण, साधी, एखादं पोतं शिवावं तशी. त्यात भिण्यासारखं काय नव्हतं. उगाच मी भिंत बघत होते.

ह्यांना हाक मारली. आमच्या लग्नातले दोन लोटे होते, अगदी सारखे. एका पारड्यात रिकामा लोटा नि वजनं, दुसऱ्यात सांडलेल्या पाण्याचा लोटा. माझ्या डाव्या हातात जोर नव्हता म्हणून तराजू ह्यांनी धरला. मी वजनं टाकत गेले. आधी अर्धा किलोचं टाकलं, पारडं दाणकन खाली. काढलं. दोनशे. त्यावर शंभर. त्यावर पन्नास.

हे बोलले, "आला बघ काटा मधे."

साडेतीनशे ग्रॅम. मग ती उसवलेली बाजरीची पिशवी मोडासकट जोखून बघितली. पाण्यानं फुगलेली होती ते खरं, पण पाऊण किलोच्या वर भरली. दुपटीच्या वर ओझं मी गळ्यात बांधून फिरत होते. पाण्याचं वजन नि अंगाचं वजन सारखं धरता येतं का, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही नाय. पण माझ्याकडे दुसरं माप नव्हतं.

मोड येणार नाय, भिजलं तरी कुजणार नाय, असं जड काय घालायचं? ते कोळणीनं आणलं. जाळ्याला खालच्या कडेला शिशाचे मणी असतात, जाळं पाण्यात बसावं म्हणून. नवऱ्याच्या फाटक्या जाळ्याचे तिनं मूठभर काढून आणले, बोंबलाच्या वासासकट. ते मी राखेनं घासले, गरम पाण्यात उकळले. एकेक मणी जाड कापडाच्या पट्टीत वेगळा शिवला, खुळखुळ्यासारखा वाजायला नको. पट्टी खालच्या अंगाला, वर पिंजलेला कापूस, नि वांग्याच्या आकाराची दुहेरी पिशवी. जोखून जोखून साडेतीनशे केली. कापूस दोनदा कमी करावा लागला. ब्लाऊजला आतून खिसा लावला नि वर दोन बटणं.

घालून बघितलं, या वेळी आरशात. समोरून बघितलं, बाजूनं बघितलं. वाकले, उठले. ती आपली जागेवर. खांदे एका रेषेत. ह्यांना बोलले, दारात उभे राहा, तुम्ही गिऱ्हाईक. ते उभे राहिले, पिशवी घेऊन पण आले. मी पाटावर बसून कांदे भरले नि तराजू उचलला. हात लांब केला. डावी काख थोडी ओढली, पण बाकी काय हललं नाय. डावा हात मांडीवर मोकळा पडला होता. कितीतरी दिवसांनी मोकळा.

"हात लांब आहे, काटा दिसतोय बरोबर," हे बोलले. नि मग हळू आवाजात, "बरं झालं." तेवढंच. आमच्यात जास्त बोलायची पद्धत नव्हती.

गल्लीत मी कोणाला काय सांगितलं नाय. रोज तराजू वर धरून जोखत राहिले, गिऱ्हाईक एक असो नायतर दोन. ती सोसायटीतली बाई आठवडाभर समोरून जात होती, बघत होती. आठव्या दिवशी थांबली. भेंडी मागितली, अर्धा किलोच. मी भरली नि हात लांब केला. तिच्या नाकासमोर, दोन्ही पारडी मोकळी. ती काट्याकडे बघत राहिली, मग माझ्या हाताकडे, मग माझ्याकडे. माझं डोकं, खांदे, बसणं, सगळं तिनं एकदा बघून घेतलं. काय समजली, किती समजली, मला माहीत नाय.

बोलली, "मधे बरी नव्हतीस काय गं?"

मी बोलले, "होय. आता आहे."

तिनं पिशवी पुढे केली. मी भेंडी ओतली, वर दोन मिरच्या टाकल्या. घरी गेले तेव्हा टोपली रिकामी होती, नि मी डोंगर चढताना एकदाही थांबले नाय.

पुढच्या तपासणीला सिस्टरनं ती पिशवी हातात घेऊन बघितली, उलटी-सुलटी केली. तिथे एक नवी बाई बसली होती, माझ्याच वयाची, पदर दाबून. सिस्टरनं तिच्यापुढे ते तीन फोम ठेवले, तर ती पण बोलली, मोठा द्या. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिला पडद्याआड नेलं, पडद्याचा फाटका भाग मी पाठीनं झाकला, नि बोलले, आधी उरलेली बघ.

कापड मी किती वेळा बदललं त्याचा हिशेब नाय. शिशाचे मणी तेच आहेत. आता उजवी आणखी सुकली, तसा दर दोन-चार वर्षांनी मी एकेक मणी काढत गेले. काढलेले डब्यात आहेत. तराजू पण आहे, वर टांगलेला.