आरशातली पिवळी गाडी

तिसऱ्या मजल्यावरच्या मिनिटकाकांचं बाहेर काहीतरी आहे, अशी बोलवा महिनाभर जिन्यात होती. बातमी देणारे कान भरवशाचे होते. भिंत पातळ, दुपार रविवारची, आणि भिंतीपलीकडून काकांचा आवाज, तोही लोण्यात बुडवून काढल्यासारखा: "ये, अशीच ये. घाबरू नकोस, मी बघतोय तुझ्याकडे." एकतीस वर्षं शहर बस चालवताना ज्या माणसाच्या तोंडून हॉर्नपेक्षा मऊ आवाज निघाला नाही, तो साठी ओलांडल्यावर कुणाला तरी 'ये, ये' म्हणतोय. तिसऱ्या मजल्यावरून निघालेली ही बातमी तळमजल्याला पोचेपर्यंत त्या बाईला उंच टाचांचे बूट आणि रंगवलेले केसही मिळाले होते. काकू मात्र त्या वेळी शेजारच्याच खोलीत निवांत कपड्यांच्या घड्या घालत असायच्या. काय ही सोशिक बाई, असं म्हणून लोकांनी त्यांच्याकडे डोळे भरून पाहूनही घेतलं.

बाई होती, हे खरं. पण ती काकांची लेक होती.

लेक नर्स. लांबच्या शहरात एकटी राहायची. दोन महिन्यांनी तिला नवी नोकरी लागणार होती, घरोघरी जाऊन रुग्ण बघायची, आणि त्यासाठी गाडी चालवणं भाग होतं. परवाना होता, पण तो पाकिटात. स्टेअरिंगला हात लावला की बाईसाहेबांची पाचावर धारण बसायची. मग बापलेकीनं एक शक्कल काढली. कॉम्प्युटरवर गाड्या चालवायचा एक गेम असतो, त्यात रविवारी दोघं एकाच रस्त्यावर उतरायचे. काका जेवणाच्या टेबलाला खोटं स्टेअरिंग आवळून पुढे बस चालवायचे, ती तिकडून छोटी पिवळी गाडी घेऊन मागे. कानाला हेडफोन, बोलणं चालू.

"सगळ्या गावाच्या पोरांना फिरवलंत," काकू म्हणायच्या, "घरच्या पोरीला शिकवायला म्हातारपण उजाडलं."

काकांना मिनिटकाका हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. त्यांची बस सुटायची ती काट्यावर काटा ठेवून. एकदा खुद्द काकू दोन्ही हातांत पिशव्या घेऊन थांब्याकडे पळत येत होत्या, तरी काकांनी दार लावलं. त्या रात्री काकूंनी जेवणच वाढलं नाही. "तुमची वेळ टळून गेली," म्हणाल्या, "आता उद्याची बघा." हा किस्सा काका स्वतःच हसत हसत सांगायचे.

दुसरा किस्सा ते सांगत नसत. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. दप्तर पाठीवर उड्या मारत होतं, एका बुटाची नाडी सुटलेली, आणि ती बसमागे धावत होती. काकांना ती आरशात दिसली. घड्याळही दिसलं. आरशातली पोर लहान होत होत ठिपक्याएवढी झाली आणि वळणावर गेली. घरी आल्यावर ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

आता घरच्या कॉम्प्युटरचं दुखणं असं होतं, की तो लेकीनं घर सोडताना मागे ठेवलेला, म्हातारा. पडद्यावर चित्र उमटवायचं काम ज्या ग्राफिक्स कार्डाचं असतं, ते कार्ड दमेकरी. बसचे आरसे चालू ठेवले की रस्ता उचक्या देत पुढे सरकायचा. आरसे बंद केले की गाडी सुरळीत, पण आरशांच्या जागी दोन काळ्या चौकटी. म्हणजे 'मी बघतोय तुझ्याकडे' हे काकांचं दर रविवारचं खोटं होतं. ते एका दुपारी उघडं पडलं. लेक वळणावर रस्ता सोडून शेतात उलटी पडली, आणि काका पुढे जोरात, "छान येतेयस. अशीच ये."

"बाबा," हेडफोनमधून आवाज आला, "मी उलटी आहे."

काकू घड्या सोडून हसायला लागल्या. काकांनी त्याच संध्याकाळी ठरवलं, नवं कार्ड घ्यायचं. आरसा नाही तर गाडी नाही.

दुकानात काका-काकूंच्या पुढ्यात दोन कार्डं आली. एक मधलं. दुसरं महागडं, जवळजवळ दुप्पट किमतीचं आणि पावाच्या लादीएवढं. दुकानदार बाई हुशार होती, दोन कार्डांच्या दोन कॉम्प्युटरवर तोच गेम लावून बसलेली. "हे बघा काका, पाऊस पडला की डबक्यात ढगसुद्धा दिसतात."

"ड्रायव्हरनं डबक्यात ढग बघायला लागलं तर प्रवासी वरच जायचे," काका म्हणाले.

काकूंना फरकाची रक्कम ऐकून पाठ आठवली. "तेवढ्यात नवी गादी येते. माझी पाठ काही गेममध्ये दुखत नाही."

"अगं, बघू तरी दे."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. खिशातून रुमाल काढून आधी मॉनिटर पुसला, मग दोन्ही आरसे जागेवर आणले. दुकानदार बाई म्हणाली, चालवा. काका म्हणाले, मागे कुणी नसेल तर आरसा कसा तपासणार? आणि त्यांनी लेकीला फोन लावून रस्त्यावर उतरवलं.

आधी मधल्या कार्डावर. आरसा स्वच्छ, त्यात पिवळी गाडी, अगदी दिव्यांसकट. काकांचा जीव भांड्यात पडला. पण पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बसचं वेळापत्रक सरकत होतं, आणि काकांचा पाय जुना होता. त्यांनी वेग धरला. लेक चढावर मागे पडली, आणि काही अंतर गेल्यावर पिवळी गाडी आरशातून नाहीशी झाली. मागे नुसता रिकामा रस्ता.

"या कार्डावर आरशातलं लांबचं पुसलं जातं," दुकानदार बाई म्हणाली. "आता इकडे या."

महागड्या कार्डावर तोच चढ, तोच वेग. लेक मागे पडली, पण नाहीशी झाली नाही. लहान झाली. आणखी लहान. शेवटी वळणापाशी एक पिवळा ठिपका उरला, तोही स्पष्ट.

"बघितलंत? हा फरक," दुकानदार बाई म्हणाली.

फोनमधून लेक हसत होती. "बाबा, तुमची बस सुटली वाटतं नेहमीसारखी. बुटाची नाडी बांधू का मी?"

काकांचे हात स्टेअरिंगवरून खाली आले. एवढ्या वर्षांत तिनं तो विषय पहिल्यांदा काढला होता, तोही चेष्टेत. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि गादीचं नाव परत काढलं नाही. उलट हळूच म्हणाल्या, "अहो, घ्या हवं तर ते मोठं. माझी पाठ काय, पळून जात नाही."

काकांनी रुमाल काढला, या वेळी मॉनिटरसाठी नाही. मग त्यांनी मधल्या कार्डाच्या खोक्यावर हात ठेवला. "हे बांधा."

"काका, विचार करा," दुकानदार बाई म्हणाली. "नंतर हळहळाल."

"बाबा, पैशांकडे बघू नका," लेक फोनवरून म्हणाली, आता हसणं थांबवून. "निम्मे मी पाठवते. मला चढावर भीती वाटते, मी मागे पडणारच. त्या कार्डावर मी दिसणार नाही तुम्हाला."

काका फोनजवळ वाकले.

"एवढीशी होत जाताना तुला मी एकदा बघितलंय. तेच पुन्हा बघायला दुप्पट पैसे कशाला मोजू? मागे पडलीस तर मी बस थांबवेन."