आत्याचं ‘बरं, मग?’

उताऱ्याचा मुख्य निष्कर्ष ओळखा, असा प्रश्न आला की मी बिनधास्त शेवटच्या वाक्यावर खूण करायचे. यात माझा काय दोष? आमच्याकडे पाहुणा तासभर हवापाण्याचं बोलतो आणि खरं काम चपला घालताना काढतो. मुद्दा शेवटीच असणार, हे मी लहानपणापासून बघत आलेले. बँकेच्या परीक्षेत मात्र याच सवयीने मला दोनदा आपटवलं. वयाच्या अटीमुळे आता एकच संधी उरली होती.

उल्हासनगरात एका कापड दुकानाच्या माळ्यावर आमचा क्लास चालायचा. सिंधी सर कपाळावर हात मारून म्हणायचे, “अरे बाबा, लास्ट लाइन से तेरी शादी हुई है क्या?” सगळे हसायचे. मला असा राग यायचा!

बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, बदलापूरला कुळगावात राहायची. भातशेती करणारी, सही म्हणून अंगठा उठवणारी. पण गावातली भांडणं तिच्या ओटीवर मिटायची. एका रविवारी ती आमच्याकडे अंबरनाथला आली होती. मी चिडून तिला एक उतारा मराठीत करून ऐकवला. गावाला नवा पूल हवा. जुना पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो. त्यामुळे शाळा बंद पडते. पोरं घरी बसतात.

तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, “पोरं घरी बसतात. बरं, मग?”

“मग पूल हवा.”

“पूल हवा. बरं, मग?”

“मग काय? संपलं.”

“जिथं संपलं, तोच मुद्दा. मग तो पहिला बोलू दे नाहीतर मधी.”

मी बघतच राहिले. सर वर्षभर घसा फोडत होते, आणि हिने एका सुपात काम उरकलं!

फॉर्म भरायची तारीख आली आणि बाबा अडून बसले. कारखान्यातून आले ते बोलतच. “आता पुरे परीक्षा. पोरीचं वय वाढतंय. शिरगावचं स्थळ हातचं जाईल.”

आत्या त्या दिवशी आमच्याकडेच होती. ती आतून म्हणाली, “बरं, मग?”

“लोक विचारतात, अक्का.”

“बरं, मग?”

“दोनदा नापास झाली! मागच्या खेपेला दोन दिवस जेवली नाही.”

“बरं, मग?”

“मग काय मग! तिला परत तसं रडताना मला नाही बघवणार!”

इतकी वर्षं मला वाटायचं, या माणसाला माझ्यापेक्षा लोकांचीच पडलीय. मी ओढणी तोंडाला लावून रडले, अगदी त्यांना नको होतं तस्सं.

“हां,” आत्या म्हणाली. “हे आधी बोलावं. रडली तर मी हाय बघायला. तू हिचा फॉर्म भर.”

बाबांनी भरला. परीक्षेत मी प्रत्येक वाक्याला मनातल्या मनात आत्याच्या आवाजात विचारत गेले. शेजारची मुलगी माझे हलणारे ओठ बघून घाबरली असेल. पुढे मी बँकेत भलीभली हुशार माणसं पाहिली, पण आत्यासारखं नेमकं ऐकणारं कोणी भेटलं नाही.

निवडीचं पत्र आलं तेव्हा नेमकी आत्या घरी होती. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, परत उघडलं. म्हणाले, “यंदा पेपर सोपा असणार.”

आत्या म्हणाली, “बरं, मग?”

“शिरगावला मी नाही म्हणून कळवतो.”

“बरं, मग?”

बाबांनी खुंटीवरची पिशवी काढली. जन्मात कधी भाजी न आणलेला माणूस.

“भाजी घेऊन येतो. आता रोज सकाळी तिला डबा लागेल.”

आत्या पुढे काहीच विचारेना.