हिरवळीवरून सरकणारा माणूस

त्रिवेणी बिरादार संशयी आहे हे काचीगुड्यातल्या तिच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. दूधवाल्याच्या मापापासून नणंदेच्या आजारपणापर्यंत कुठलीच गोष्ट ती पहिल्या फटक्यात खरी मानत नसे. पण वीस वर्षं लग्नांचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या बाईला माणसं जशी दिसतात, तशी ती त्यांच्या घरच्यांनाही दिसत नाहीत. फोटो निघाल्याबरोबर कुणाचं हसू गळून पडतं, आहेराची पिशवी कोण पायाने खुर्चीखाली सरकवतो, कुठली मावशी कुठल्या मावशीकडे बघायचं टाळते, हे सगळं तिच्या स्क्रीनवरून जाई आणि ती ते गुपचूप कापून टाकी.

तिचं माहेर भालकीकडचं, शेतकऱ्याचं. वडील तरुणपणी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. एकोणिसाव्या वर्षी ती नामपल्लीच्या एका स्टुडिओत कामाला लागली. तिथे एकदा एका लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमाचं अख्खं चित्रीकरण गायब झालं आणि तिने सोबत काम करणाऱ्या प्रशांतवर बोट ठेवलं. मालकाने त्याला काढून टाकलं. महिन्याभराने कळलं की हार्डडिस्कच बिघडली होती. तोवर प्रशांतने शहर सोडलं होतं. त्या दिवसापासून तिने स्वतःला एक शिस्त लावून घेतली. संशय यायचा तो येणारच, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

नवरा शिवराज तिच्या अगदी उलट. कुणीही काहीही सांगावं आणि याने मान डोलवावी. तोही लग्नाचे फोटो काढणारा. सहा-सात वर्षांपूर्वी ड्रोन शिकला, परीक्षा देऊन परवाना घेतला, आणि आता छोट्या, चपळ ड्रोनच्या माथ्यावर अ‍ॅक्शन कॅमेरा बसवून तो चित्रीकरण करी. त्याने उडवायचं, तिने एडिट करायचं, अशी घरातली वाटणी. कॅमेऱ्याच्या सेटिंगबद्दल मात्र तिचा शब्द शेवटचा. रंग फिके ठेवायचे, म्हणजे एडिट करताना हवे तसे खुलवता येतात. शटरचा वेग फ्रेमच्या दुपटीवर, म्हणजे हलतं दृश्य फार पुसट होत नाही. व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडायचा नाही, नाहीतर एकाच शॉटमध्ये आभाळ आधी निळं आणि मग पिवळं होतं. शिवराजला हे इतकं पाठ होतं की बोटं आपोआप ती बटणं दाबत.

म्हणूनच फेब्रुवारीतल्या त्या सकाळी कार्ड कॉम्प्युटरला लावल्याबरोबर तिच्या कपाळाला आठी पडली.

काम एका प्लॉटवाल्या कंपनीचं होतं. रिंग रोडच्या पलीकडे नवं लेआउट पडत होतं, त्याच्या जाहिरातीसाठी दोन मिनिटांचा व्हिडिओ हवा होता. कंपनीचा विजय नावाचा माणूस दोनदा घरी येऊन चहा पिऊन गेला होता. स्क्रीनवर दिसत होती दूरवर पसरलेली हिरवीगार सपाट जमीन आणि तिच्यावरून सुसाट जाणारा कॅमेरा. दिसायला सुरेख. पण रंग भडक होते, कॅमेऱ्यातच पक्के केलेले. आणि शटर इतकं हळू की जवळचं सगळं रेघारेघांनी पुसून गेलेलं.

"अहो, हे रंग असे कसे?" तिने विचारलं.

शिवराज खिडकीजवळ ड्रोनच्या पात्यांवरची धूळ पुसत होता. "विजयला तिथल्या तिथे फोनवर बघायचं होतं. फिके रंग त्याला आवडले नाहीत."

"आणि शटर?"

"ऊन फार होतं. उजेड कमी करायला काळा फिल्टर लावला."

"फिल्टर लावला म्हणून शटर एवढं खाली जात नाही."

"लावला बोललो ना," तो म्हणाला आणि पुसलेलंच पातं पुन्हा पुसू लागला.

त्रिवेणी स्क्रीनकडे वळली. फाइलींची यादी तिने नीट पाहिली. एक्केचाळीस, बेचाळीस नुसत्या चाचणीच्या, आणि मग एकदम एकोणपन्नास. मधल्या सहा नव्हत्या. कॅमेरा आकडे गाळत नाही, माणूस गाळतो, हे तिला ठाऊक होतं.

दुपारी ती एकेक क्लिप हळू चालवून पाहत होती. शेवटच्या क्लिपच्या टोकाला, ड्रोन परत वळताना, कोपऱ्यात एक माणूस दिसला. हिरवळीवर बसलेला. तिने फ्रेममागून फ्रेम पुढे नेली. माणूस उठला नाही, त्याने पाऊल टाकलं नाही, तरी तो पुढे जात होता. बसल्या बसल्या सरकत होता. त्याच्या मागे हिरव्यात एक काळी रेघ उघडत होती आणि लगेच मिटत होती. तिने ती सात सेकंदं दहा वेळा पाहिली.

तेवढ्यात विजयचा फोन आला.

"मॅडम, आखिर में एक आदमी आता है. उसकू काट दो."

"क्यों? अच्छा लगता है, गाँव का आदमी."

"नक्को मॅडम. और कच्चा माल पूरा मेरेकू दे दो. आपके पास कॉपी नक्को रखो."

तिने फोन ठेवला. विजयचा संशय आला, ते ठीकच होतं. पण त्याच्याआड दुसराही एक संशय उभा राहत होता, आणि तो घरातच खिडकीपाशी बसून पाती पुसत होता. त्या माणसासोबत तिने सोळा वर्षं काढली होती. प्रशांतची आठवण झाली आणि तिने जीभ आवरली.

दुसऱ्या दिवशी कोटीच्या बाजारात जाऊन केबल आणते, असं सांगून तिने स्कूटर काढली आणि थेट रिंग रोड ओलांडला. खोटं बोलल्याची टोचणी वाटेत होती, पण वळली नाही. लेआउटवर रंगीत झेंडे फडफडत होते. चुना मारलेले दगड ओळीने रोवले होते. फलकावर झोपाळे आणि खेळणारी मुलं रंगवली होती. दगडांच्या ओळीपलीकडे हिरवळ होती. ती काठाशी गेली, वाकली आणि हात लावला. जाड, फुगीर देठांची पानं. जलपर्णी. हात दाबला तसा मनगटापर्यंत थंड पाण्यात गेला.

थोड्या अंतरावर एक म्हातारा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं सोडवत होता. पानं बाजूला सारत तो काठाकडे आला. यादय्या त्याचं नाव. त्रिवेणीने तेलुगूत विचारलं, "तात्ता, लोतु एंत?" आजोबा, किती खोल आहे?

यादय्याने बोलायचे कष्ट घेतले नाहीत. हातातला बांबू त्याने पानांतून उभा खाली सोडला. बांबू त्याच्याहून उंच होता. तो जवळजवळ सगळा आत गेला.

"प्लॉट विकत घ्यायला आलीस?" त्याने तेलुगूतच विचारलं आणि तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. "रोज मोटारी येतात. लोक लांबूनच फोटो काढतात आणि जातात."

घरी आल्यावर तिने ताटं वाढली. शिवराजने पहिला घास घेतला तेव्हा ती म्हणाली, "मी केबल आणायला गेले नव्हते. तलावावर गेले होते."

त्याचा हात थांबला.

"पहिल्यांदा मी आपल्या सेटिंगनेच उडवलं," तो म्हणाला. "सकाळचं तिरपं ऊन. पानांमधून सगळीकडे पाणी चमकत होतं. विजयने फोनवर पाहिलं आणि म्हणाला, हे नको. डोक्यावर ऊन आल्यावर उडव, खालून, जोरात. शटर हळू कर. रंग कॅमेऱ्यातच भर."

"म्हणजे पानांचं गवत व्हावं म्हणून."

"हौ."

"तुम्हाला कळलं होतं?"

"माझी चप्पल भिजली होती, त्रिवेणी. न कळायला काय झालं? तो म्हणाला वर्षभराचं काम देतो. लग्नात आता जो तो आपापला ड्रोन घेऊन येतो."

"आणि त्या सहा क्लिप?"

"पुसून टाकल्या. त्याच्यासमोरच."

ती ओरडली नाही. तिला राग आलाच होता, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते हे, की तो खोटं बोलत असताना ती त्याच्या हातांकडे बघत होती आणि तिला तेव्हाच सगळं कळलं होतं. जेवण झाल्यावर शिवराजने स्वतःच कार्ड आणून तिच्यासमोर ठेवलं. कार्डावर नंतर फारसं काही भरलं नव्हतं. पुसलेल्या फाइली परत आणणाऱ्या प्रोग्रॅमने संध्याकाळपर्यंत सहापैकी पाच क्लिप वर काढल्या. त्यात पाणीच पाणी होतं.

त्या घेऊन ती तारनाक्याला गेली, प्रभाकर देशमुखांकडे. त्यांच्या पुतणीच्या, सुप्रियाच्या, लग्नाचा व्हिडिओ तिने केला होता. जमीन मोजणी खात्यात त्यांनी तीस वर्षं काढलेली, घरात जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या. त्यांच्या पत्नी शांताकाकूंनी पाणी दिलं. काकांनी चष्मा लावून लॅपटॉप पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला:

"तुला कोणी पाठवलं? शेजारच्या बिल्डरने?"

त्रिवेणीचा चेहरा उतरला. आजवर ती सगळ्यांकडे जशी बघत आली होती, तसंच आज तिच्याकडे कुणी बघत होतं.

"कुणी नाही, काका."

"हे पाणी तू रंगवलेलं नाहीस कशावरून? एडिटिंगच करतेस ना?"

मग तिने त्यांना एकेक गोष्ट दाखवली. मूळ फाइल कुठली, तिच्यावर कॅमेऱ्याने स्वतः लिहिलेली वेळ कुठली, शटर किती, दुपारच्या फाइलीत रंग कसे आधीच भरलेले. काकांनी तिला दोनदा मागे नेलं, एकदा तर तेच पुन्हा करून दाखवायला लावलं. तरी समाधान होईना. शेवटी त्यांचं बोट स्क्रीनच्या कडेवर थांबलं. तिथे बांधाजवळ दगडी तूम होती, तलावातून शेताला पाणी सोडायची जुनी मोरी.

"ही इतकी वाकडी का दिसते?"

"लेन्स वाइड आहे, काका. कडा वाकतात. थांबा, सरळ करते."

तिने लेन्सचा बाक काढला, फ्रेम सपाट केली. काकांनी गावाचा जुना नकाशा उलगडला. बांध, त्याचं वळण, आणि वळणावर उर्दूत लिहिलेली तूम. त्यांनी पट्टीने अंतर मोजलं, स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा मोजलं.

"शिकम आहे ही," ते हळूच म्हणाले. "तलावाच्या पोटातली जमीन. ही विकता येत नाही कुणाला." मग चष्मा काढून म्हणाले, "माफ कर हं बाई. खात्यात असताना फार लोक खोटे नकाशे घेऊन यायचे."

सरकारकडे तक्रारीचा अर्ज काकांनी लिहिला, क्लिप जोडल्या. त्रिवेणीने विजयला कळवलं की काम होणार नाही. त्याने दुसऱ्याकडून व्हिडिओ करून घेतला आणि आठवड्यात तो सगळ्यांच्या फोनवर फिरू लागला. मच्छीवाला त्यात अर्थातच कुठे नव्हता. तीन आठवडे काहीच घडलं नाही, आणि काकांनी अर्ज खरंच दिला का, असा संशय तिला रोज येई. मग एका सोमवारी मोजणीवाले तलावावर गेले. चुन्याचे दगड उपटले गेले, झेंडे उतरले आणि बांधावर सरकारी पाटी लागली.

त्याच दुपारी विजयचा फोन आला, शिवराजला. आवाज इतका मोठा होता की स्वयंपाकघरात ऐकू येत होता. "वो व्हिडिओ किसने दिया? तेरी बीवी ने?"

"मैंने दिया," शिवराज म्हणाला. "मैंने उडाया, मैंने दिया." आणि त्याने फोन बंद केला.

त्रिवेणी दारात उभी होती. हे त्याने आपल्यासाठी केलं की स्वतःची लाज झाकायला, हा प्रश्न तिच्या मनात आलाच. विचारला मात्र नाही.

प्लॉटवाल्यांत बातमी पसरली आणि त्या वर्षी तसलं एकही काम आलं नाही. दोघं पुन्हा लग्नांवर आली. आता शिवराज उडवायला निघाला की तीही सोबत जाते, घडीची खुर्ची टाकून बाजूला बसते आणि कॅमेरा चढवण्यापूर्वी सेटिंगवरून एकदा नजर फिरवते. बायकोला फिरायची हौस आहे, असं शिवराज लोकांना सांगतो.