बोर्डोचं सहावं नाव

स्वतःच्या लग्नातसुद्धा विजयमालाला कुणी काही ठरवू दिलं नव्हतं. बोर्डोचा दौरा मात्र तिनं एकटीनं ठरवला.

पलूसजवळच्या एका वायनरीत ती बावीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होती. आपल्याकडं बोर्डो म्हटलं की द्राक्षबागेवरची मोरचूद-चुन्याची फवारणी आठवते. त्या नावाच्या फ्रेंच मुलखात जाऊन तिथली वाइन चाखल्याशिवाय आपली सुधारायची नाही, हे तिनं मालक ऋषिराजच्या गळी उतरवलं. कुठल्या तळघरात किती वाजता, पांढरी आधी कुठं, लाल कुठं, सगळं पत्रं धाडून पक्कं केलं. सहा जणं जायची होती. सहावी आपण, हे तिनं मनात धरलं होतं.

आता खरी गोष्ट. मी नुसता वास घेते, असं तिनं घरी सांगितलं होतं. सासरे अण्णाप्पा नेमाधर्माचे जैन, त्याच अटीवर नोकरीला परवानगी. त्यांच्या बागेची द्राक्षं त्याच वायनरीत जायची, ते मात्र चालायचं हो! सुनेच्या जिभेला थेंब लागलेला चालत नव्हता. आणि ती तर रोज चाखायची. नुसत्या वासावर वाइन कळते होय? चाखून थुंकायची, बावीस वर्षांत एक घोट गिळला नाही. पण सांगणार कुणाला?

बागायतदारांच्या बैठकीत ऋषिराजनं यादी वाचली. सहावं नाव निघालं त्याच्या मेहुण्याचं, रविराजचं. मॅडम तर वाइनला शिवतही नाहीत, तिथं वास घ्यायला पाठवायचं का, असं वर ऋषिराज हसत म्हणाला. सगळे हसले. पुढं बसलेले अण्णाप्पाही हसले, सुनेचा अभिमान होता त्यांना. ती चाखते हे ऋषिराजला पक्कं ठाऊक होतं. सासऱ्यासमोर ती तोंड उघडणार नाही, हेही ठाऊक होतं. नालायक मेला!

विजयमाला उठली.

"साहेब, तुमच्या एकेक टाकीतली वाइन मी तोंडात घेऊनच पास केलीय. बावीस वर्षं. तुमाला ठावं हाय."

ऋषिराजनं कागदाची घडी घातली. आधी बोलायचं होतं, आता व्हिसे झालेत, एवढंच म्हणाला. मग चहा आला.

अण्णाप्पा तिच्या गाडीवर बसले नाहीत, चालत घरी गेले. तेव्हापासून त्या घरात तिच्या हातचं पाणी कुणी घेत नाही. नवरा धवलसुद्धा नाही. असला राग येतो ऐकून!

दौरा गेला. एका सुट्टीच्या दुपारी ती अंगणात कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात बोर्डोहून रविराजचा फोन आला. हात ओले, म्हणून तिनं स्पीकर लावला. अण्णाप्पा समोरच सोप्यात, घराच्या पुढच्या पडवीत बसले होते.

"मॅडम, हितं समदी तोंडात घिऊन थुकत्यात. आमी गिळली, तर हसाय लागली. थुकायचंच असतं व्हय?"

"व्हय," ती म्हणाली.

अण्णाप्पांनी सगळं ऐकलं. उठले, आत गेले आणि आजही आपल्याच हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला.