भजी सुटली ती अशी

आमच्या ह्यांची भजी मी सोडवली म्हणून थेरगावात अजून माझं नाव घेतात. घेऊ देत बापडे. खरं काय घडलं ते कुणी विचारलंच नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हे पिंपरीच्या एका कंपनीत, पहिल्या शिफ्टला. पहाटे घर सोडायचे, अकराच्या आत कँटीनमध्ये जेवायचे, आणि साडेचारला कंपनीची बस चौकात उतरवायची ती नेमकी भज्यांच्या गाडीसमोर. घरी यायचे ते मिशा तेलकट करून. रात्री ताट बाजूला सारायचे आणि मग पोट धरून कण्हत बसायचे. डॉक्टरांनी बजावलं, तळलेलं बंद करा, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

मग मीच चौकात जाऊन उभी राहिले. बसमधून कुणीतरी ओरडलं, "उतरा राव, वहिनी न्यायला आल्यात." शाळा बुडवलेलं पोर धरून आणावं तसं मी ह्यांना घरी आणलं. पण घरी तरी काय? शेव, शेंगदाणे, पाहुण्यांसाठी ठेवलेली शंकरपाळी, हाताला लागेल ते तोंडात. मी डबे वरच्या फळीवर ठेवले, तर हे स्टुलावर चढले.

"एवढी कसली खा खा सुटलीय हो तुम्हाला?" मी कडाडले.

"अगं, भूक लागलीय," हे स्टुलावरूनच म्हणाले. "अकराला जेवलोय मी."

आता बोला. भाकरी मी तेव्हाच थापली असती, पण आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. सकाळचं जेवण झालं की देवापुढं सांजेचा दिवा लागल्याशिवाय घरात कुणी पानावर बसायचं नाही. भजी, शेव चालायची, ते काय जेवण नव्हे. मी दबकत विषय काढला, तर म्हणाल्या, "न्हाई म्हंजी न्हाई." माझं डोकं असं तापलं की त्याच्यावर भाकरी भाजली असती.

रविवारी भर दुपारी ह्यांना दुखायला लागलं. सासूबाई उशाशी बसून लेकाच्या पोटावर हात फिरवत राहिल्या.

सोमवारी हे कामावरून आले तेव्हा अंगणात रखरखीत ऊन होतं. सासूबाई उठल्या, हातपाय धुतले, देवापुढं दिवा लावला. मग मला म्हणाल्या, "दिवा लागला. वाढ त्याला."

शेजारीण दारातून म्हणाली, "मावशी, अवं ऊन हाय की अजून."

"तुमच्यात असंल," सासूबाई म्हणाल्या.

गरम भाकरी आणि मुगाची आमटी. ह्यांनी मान वर केली नाही. त्या दिवसापासून आमच्याकडं सांज साडेचारलाच व्हायला लागली, आणि हे भज्यांच्या गाडीसमोरून सरळ घरी यायला लागले.

त्या सोमवारी मी पुढची भाकरी तव्यावर टाकली, तरी सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या. ह्यांच्या ताटाकडं बघत होत्या. पहाटे बंब पेटवायला त्याच उठायच्या, आणि दहाला दोन घास खाल्ले की थेट रात्रीच जेवायच्या.

"आत्याबाई, तुम्हालाबी वाढू का?" मी विचारलं.

"वाढ की," त्या हळूच म्हणाल्या. "मलाबी ह्या वक्ताला लई भूक लागती. लगीन झाल्यापासनं."